डिझेल-पंपाचा इतिहास



कामगार-संघटनेचा माणूस इतिहासावर बोलणार म्हटल्यावर पुलगाव-हिंगणघाटच्या गिरण्या निघतील, अशी आपली अपेक्षा असणे साहजिक आहे. मी मात्र डिझेलच्या पंपाचा इतिहास सांगणार आहे. तो मी कोणत्याही महाविद्यालयात शिकलो नाही. एका मिस्त्रीचा कापलेला पगार परत मिळविण्यासाठी तो मला शिकावा लागला.

गोष्ट १९९७ सालची. आपल्या जिल्ह्यातल्या एका वाहतूकदाराकडे रुईच्या गाठी वाहणारे जुने ट्रक होते. तळेगावजवळचा सत्याग्रही घाट ते रडतखडत चढत. मालकाने कोठून तरी एक टर्बो मिळविला, एका ट्रकला बसविला आणि मिस्त्रीला पंपाचा स्क्रू खोलून तेल वाढवायला सांगितले. मिस्त्री म्हणाला, "मालक, निस्ता स्क्रू खोलून जमत नाही, नोझल बी बदला लागते." नोझलला पैसे पडतात, स्क्रू फिरवायला पडत नाहीत. आठ दिवस ट्रक असा धावला की लोक पाहत राहिले. नवव्या दिवशी पिस्टन जळाला, आणि खर्च मिस्त्रीच्या पगारातून हप्त्याने कापला जाऊ लागला. तो माझ्याकडे आला, तेव्हा टर्बो हे काय प्रकरण आहे, याची मला गंधवार्ता नव्हती.

रुडॉल्फ डिझेलचे इंजिन जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९७ साली यशस्वी झाले, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु पुढची सुमारे तीस वर्षे ते कारखान्यांत आणि जहाजांतच का अडकून पडले, हे फारसे कोणी विचारत नाही. डिझेलसाहेब तेलाचा फवारा दाबाच्या हवेने उडवीत. त्या हवेसाठी लागणारे यंत्र इतके अवजड होते की ते मोटारगाडीत मावेना. म्हणजे अडले होते ते तेल आत पोचविण्यापाशी! ती अडचण लहानशा पंपाने सुटली. श्टुटगार्टच्या बॉश कारखान्याने १९२७ साली त्याचे घाऊक उत्पादन सुरू केले, तेव्हा डिझेल खऱ्या अर्थाने रस्त्यावर आले.

हा पंप मी प्रथम पाहिला तो त्या मिस्त्रीच्या हातात, उघडून ठेवलेला. पोलादी नळीत पोलादी दांडा : बॅरल आणि प्लंजर. दोहोंमधील फट दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. ही जोडी एकत्रच घासून जुळविलेली असते, एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालता येत नाही. एका खेपेला जेमतेम एक-दोन थेंब तेल जायचे, आणि तेही मिनिटाला हजार वेळा. ट्रकच्या चाकात हवेचा दाब आठ बार धरला, तर जुन्या नोझलचे तोंड सुमारे दोनशे बारला उघडते. मिस्त्रीने हातपंपावर नोझल लावून फवारा दाखविला. मी बोट पुढे केले तसा त्याने माझा हात झटकला. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो आणि पुढे बोट कापण्याचीही पाळी येते.

आता टर्बो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने त्याचे पेटंट १९०५ साली घेतले. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. हवा वाढली की जास्त तेल जाळता येते. मात्र नोझलची भोके जुनीच, बारीक राहिली, तर वाढीव तेल आत जायला वेळ लागतो. पिस्टन खाली निघाला तरी मागून तेल येतच राहते आणि उशिरा जळते. ती आच पिस्टनच्या माथ्याला आणि धुराच्या वाटेला लागते. शिवाय टर्बोच्या गाडीच्या पंपावर, हवेचा दाब चढेपर्यंत तेल रोखून धरणारी एक डबी असते. आमच्या ट्रकच्या पंपाला ती नव्हतीच. घाटातला काळा धूर तेच सांगत होता, पण मालकाला तो जोराचा धूर वाटला.

पेट्रोलच्या टर्बो मोटारीत गंमत उलटी आहे. तेथे तेल कमी पडले तर पिस्टन जातो. म्हणून हौशी तरुण टर्बोचा दाब वाढवितात तेव्हा टाकीतला पंप, नळ्या आणि इंजेक्टर, सारेच मोठे घ्यावे लागते.

आपल्या देशात ही विद्या उशिरा आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा गाड्यांच्या पाठीला लोणारी कोळशाच्या गॅसची भट्टी जोडून काम भागविले जाई. इंजिन तेच, पण ताकद तिसऱ्या हिश्शाने किंवा अधिकच घटे. १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली ती बेडफर्ड, आणि त्या काळचे बेडफर्डचे इंजिन पेट्रोलचे. डिझेल-पंप येथे करण्यासाठी मायको कंपनी १९५१ साली बंगळूरला निघाली. साठीच्या दशकाच्या अखेरीस तिचा कारखाना नाशिकला आला, आणि पुढे तालुक्याच्या गावीही 'पंप-नोझल'च्या पाट्या दिसू लागल्या. आमचा मिस्त्री अशाच एका दुकानात लहानपणी हेल्पर होता.

वाटाघाटीला मी तो जळका पिस्टन टेबलावर ठेवला. मालकाचे म्हणणे एकच : मिस्त्रीने स्क्रू जास्त खोलला. मी विचारले, "किती खोलायचा, हे आपण लिहून दिले होते काय? पंप कॅलिब्रेशनच्या यंत्रावर लावला होता काय?" उत्तर आले नाही. कापलेल्या पाच महिन्यांच्या हप्त्यांपैकी तीन परत मिळाले. दोन बुडाले, ते बुडालेच.

त्याच १९९७ साली युरोपात कॉमन रेलची पहिली मोटार विक्रीस आली. तिच्यात दाब १,३५० बारचा होता. आज तो दोन हजारांच्या वर गेला आहे, आणि तेल किती व केव्हा सोडायचे ते संगणक ठरवितो. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत-६ चे नियम आले. तो मिस्त्री आता स्वतःचे दुकान चालवितो. कॉमन रेलचा इंजेक्टर आला की तो उघडत नाही, बाहेरगावी पाठवितो, कारण त्याच्या तपासणीचे यंत्र त्याच्या ऐपतीबाहेरचे आहे. जुन्या पंपांचे ट्रॅक्टर मात्र अजून येतात.