पाचवी पेटी

वीस विद्यार्थ्यांच्या फायली चार पेट्यांत ठेवायच्या आहेत. आपण एक नियम ठरवू. हजेरी क्रमांकाला 4 ने भागायचे आणि जी बाकी उरेल त्या क्रमांकाच्या पेटीत फाईल टाकायची. पेट्यांचे क्रमांक अर्थातच 0, 1, 2 आणि 3. प्रत्येक पेटीत पाच फायली येतात. चौदाव्या विद्यार्थ्याची फाईल हवी असेल तर बाकी 2, म्हणून सरळ 2 क्रमांकाची पेटी उघडायची. यादी नको की शोधाशोध नको.

आता पाचवी पेटी आली. भाजक 5 झाला. किती फायली जागच्या जागी राहतील? फळ्यावर मांडून पाहिले तर उत्तर मिळते : फक्त 1, 2, 3 आणि 20. बाकीच्या 16 हलवाव्या लागतात. त्यांपैकी नव्या पेटीत जातात चारच. उरलेल्या बारा जुन्या पेट्यांमध्येच विनाकारण इकडून तिकडे होतात.

गणिताने जागा ठरवण्याची ही युक्ती म्हणजेच हॅशिंग. आयबीएममधील अभियंते हान्स पीटर लून यांनी 1953 साली एका अंतर्गत टिपणात ती मांडली. पेट्यांची संख्या स्थिर असेपर्यंत तिच्यात काही अडचण नव्हती. माहिती वाढत गेल्यावर पेट्याही थोड्याथोड्या वाढवाव्यात, ही कल्पना पुढे आली. विटोल्ड लिटविन यांची 1980 मधील ‘रेषीय हॅशिंग’ पद्धत याच प्रकारची होती.

खरा पेच उभा राहिला तो वर्ल्ड वाइड वेबमुळे. लोकप्रिय पानांच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवाव्या लागत. पण सर्व्हर कधी बंद पडत, कधी नवे येत. दर वेळी भाजक बदलला की जवळजवळ सगळ्याच प्रती चुकीच्या जागी ठरत आणि सगळ्या मागण्या पुन्हा मूळ संगणकावर येऊन आदळत. एमआयटीमधील डेव्हिड कार्गर, टॉम लेटन, डॅनियल लेविन आणि त्यांचे सहकारी यांनी 1997 साली यावर उपाय प्रसिद्ध केला. त्यांनी भागाकारातली सर्व्हरांची संख्याच काढून टाकली.

त्यांची कल्पना घड्याळाच्या तबकडीवर समजते. 4, 8 आणि 12 या आकड्यांवर एकेक सर्व्हर आहे असे समजू. प्रत्येक आकड्यावरची माहिती काट्याच्या दिशेने जाताना जो सर्व्हर प्रथम भेटेल त्याच्याकडे जाईल. म्हणजे 5 ते 8 ही माहिती 8 कडे. आता 6 वर नवा सर्व्हर बसवला तर फक्त 5 आणि 6 हलतात. बाकीच्या दहांना धक्काही लागत नाही.

मात्र यात एक उणीव दिसते. नव्या सर्व्हरने 8 चा भार हलका केला, 4 आणि 12 यांना काहीच दिलासा मिळाला नाही. म्हणून त्याच शोधनिबंधात प्रत्येक सर्व्हरला वर्तुळावर एक नव्हे तर अनेक बिंदू दिले आहेत. मग नवा येणारा सर्वांकडून थोडेथोडे घेतो आणि जाणारा सर्वांना थोडेथोडे देऊन जातो.

लेटन आणि लेविन यांनी 1998 मध्ये अकामाय ही कंपनी स्थापन केली. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रावर 11 सप्टेंबर 2001 रोजी आदळवलेल्या पहिल्या विमानात लेविन होते. त्यांचे वय अवघे 31 वर्षे होते. वर्तुळाची कल्पना मात्र टिकली. ॲमेझॉनने 2007 साली ‘डायनॅमो’ या आपल्या माहितीसाठ्याची रचना प्रसिद्ध केली, तिच्यातही हेच वर्तुळ आहे. तिथे प्रत्येक नोंदीच्या प्रती वर्तुळावरच्या पुढच्या सर्व्हरांकडेही ठेवतात, म्हणजे एक बंद पडला तरी नोंद हरवत नाही.

वर्तुळ नोंदींची संख्या सारखी वाटते, मागणी नव्हे. एकाच नोंदीवर सगळ्यांची झुंबड उडाली तर तिचा सर्व्हर दमणारच. तेथे जास्त प्रती काढणे असे वेगळे उपाय योजावे लागतात.

विद्यार्थ्यांना शेवटी एक प्रश्न द्यावा : 4, 6, 8 आणि 12 वर सर्व्हर असताना 8 वरचा बंद पडला, तर कोणाकडे किती आकडे येतील? उत्तर काढताना एकाच्या वाट्याला सहा आलेले दिसतील, आणि अनेक बिंदूंची गरज त्यांची त्यांनाच पटेल.