चल घोडी, ध्रुव घोडी

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या मास्तरानं इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजवर बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण लग्नसराईत कारंजा, रिसोड, मंगरूळपीर करत फिरणाऱ्या ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याला विचारा. त्याच्याजवळ बहुधा एकच गिटार असते. भर गाण्यात एक तार तुटली, की उरलेल्या पाचही चढतात, बेसूर होतात. तुटली एक, बिघडल्या सहा! असं का होतं, हे समजून घ्यायला आम्हांला थोडं मागं जावं लागेल.

तेराव्या शतकात देवगिरीला सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. आपला हा मुलूखही तेव्हा यादवांचाच. त्याच्या 'संगीतरत्नाकरा'त दोन वीणांचा प्रयोग आहे. दोन्ही वीणा सारख्या, प्रत्येकीला 22 तारा. एक ध्रुव, म्हणजे जिला हात लावायचा नाही. दुसरी चल, जी एकेक श्रुती उतरवत न्यायची. दोन पायऱ्या उतरल्या की चल वीणेचे गांधार-निषाद ध्रुव वीणेच्या ऋषभ-धैवताला येऊन मिळतात. मुळात ही कल्पना भरताच्या नाट्यशास्त्रातली. आम्हांला तिच्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: किती हललं हे मोजायचं, तर काहीतरी न हलणारं शेजारी हवं.

आता 1954 सालच्या कॅलिफोर्नियात या. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, शिक्षण हिशेबनिसाचं, आणि गिटार स्वतःला वाजवता येत नव्हती. (शार्ङ्गदेवही राजाच्या हिशेबखात्यातलाच अधिकारी होता बरं का!) तारांचा सूर दांडीनं हलवण्याची युक्ती त्याच्या आधीची, डॉक कॉफमननं 1930च्या दशकातच ती केली होती. फेंडरनं स्ट्रॅटोकास्टरमध्ये अख्खा ब्रिजच हलता केला आणि त्याला 'ट्रेमोलो' म्हटलं. नाव चुकलंच. ट्रेमोलो म्हणजे आवाजाचा लहानमोठेपणा. सुराच्या कंपाला व्हायब्रॅटो म्हणतात. गंमत अशी, की त्याच्याच कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरवर आवाज लहानमोठा करणाऱ्या बटणाला 'व्हायब्रॅटो' लिहिलेलं असे. आमच्या विषयात अशी अदलाबदल केली असती, तर परीक्षकानं नापासच केलं असतं.

यंत्र मात्र हुशारीचं. 10 नंबरच्या सेटच्या सहा तारा मिळून सुमारे 45 किलोचा ताण देतात. ब्रिजखाली धातूचा ठोकळा लोंबतो. त्याला पाठीमागच्या खोबणीतल्या स्प्रिंगा मानेच्या दिशेनं ओढतात, तर तारा ब्रिजला वरून पुढं ओढतात. हा तराजू आहे. एका पारड्यातून एक तार गेली, की स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागं कलतो आणि बाकीच्या तारा चढतात. उलट एक तार ओढून मींड घेतली, तर शेजारच्या उतरतात.

इथं आपल्या वादकाची खरी अडचण आहे. आपलं गाणं मींडेचं. मिरजेची सतार बघा: मींड पडद्यावर तार ओढून निघते, घोडी जागची हलत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, ज्याला दांडीचं काम गाण्यात एकदाही पडत नाही, त्यानं ब्रिज पक्का करावा. एरिक क्लॅप्टननं तेच केलं, स्प्रिंगा पाच ठेवल्या आणि लाकूड ठोकून ब्रिज बंद केला. खुद्द फेंडरनंही 1954मध्येच बिनट्रेमोलोची स्ट्रॅट विकायला ठेवली होती, 20 डॉलरनं स्वस्त.

काम घरी होतं. तारा सैल करा, पाठीमागचं झाकण काढा. स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे दोन स्क्रू आवळा, स्प्रिंगा कमी असतील तर पाच करा. ब्रिज अंगाला टेकला पाहिजे. मग धातूचा ठोकळा आणि खोबणीची शेपटाकडची भिंत यांतलं अंतर मोजा, तेवढाच सागाचा तुकडा पॉलिशपेपरनं घासून नेमका बसवा. जाड झाला तर ब्रिज मागं रेटला जातो, बारीक झाला तर पुढं कलायला वाव राहतो. ब्रिज खाली बसल्यानं तारा पट्टीला घासू लागतील. तेव्हा सॅडल थोडे उचला, आणि बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकाशी मिळतो का, ते तपासा.

कोणी म्हणेल, एकदाच डिंक ओतून टाकावा. आमचा त्याला ठाम विरोध. वैशाखात आपल्याकडं पारा चाळिशीपार जातो आणि आषाढात लाकूड ओल धरतं. तुकडा पुन्हा घासावा लागतो. शिवाय उद्या गिटार मुलाकडं गेली आणि त्याला दांडी हवीशी वाटली, तर स्क्रू सैल करून तुकडा उपसला, की झालं. दांडी मात्र फेकू नका, गिटारच्या पिशवीच्या खिशात ठेवा.