हरकत आहे

हरकत अर्ज एका पानात मावतो. वर ‘प्रति, मा. भूसंपादन अधिकारी’, खाली विषय, मग ‘मी खाली सही करणार’ आणि मध्येच गट नंबरासाठी सोडलेली रिकामी जागा. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या गावात असा अर्ज एक जण टाइप करून आणतो, बाकीचे झेरॉक्स काढतात आणि रिकाम्या जागेत आपापला गट, आपापले हेक्टर-आर भरतात. मजकूर एकच, गट वेगळा. कचेरीत ‘छापील हरकती’ म्हणून त्यावर हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. सातबारा तरी कुठे प्रत्येकाचा वेगळ्या नमुन्यात असतो?

वसमत तालुक्यात गेल्या दोन वर्षांत हा कागद फार फिरला. निमित्त शक्तिपीठ महामार्गाचं. पण कागद महामार्गाहून जुना आहे, आणि त्यावरचा शब्द कागदाहूनही जुना.

हरकत मूळ अरबी. तिथे तिचा अर्थ हालचाल. फारसीतून ती आपल्याकडे आली आणि मराठीत येता येता उलटी झाली. हालचालीऐवजी अडथळा. जुन्या कागदांत ‘हरकत न करणे’ अशी ताकीद येते ती याच अर्थाने, म्हणजे आडवे येऊ नका. गवयांनी मात्र मूळ अर्थ जपला. सुराला दिलेला चटकन हलता झोल त्यांच्या लेखी आजही हरकतच. हट्ट्याची गोष्ट आणखी निराळी. हे गाव 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि कचेरीची भाषा उर्दू. उर्दूत आक्षेपाला उज्र म्हणतात, आणि हरकत म्हणजे चाळा, आगळीक. मराठी बोलणारा शेतकरी ‘माझी हरकत आहे’ म्हणाला, तर निजामाच्या कारकुनाच्या कानाला ते ‘मी आगळीक करणार आहे’ असंच काहीतरी ऐकू आलं असेल. कचेरीच्या कानात अजून तोच अर्थ घुमतो की काय, अशी शंका मला कधी कधी येते.

संस्थानाचा भूसंपादन कायदा 1309 फसलीचा, म्हणजे साधारण 1899 चा. इंग्रजी मुलखात 1894 चा. त्या 1894 च्या कायद्यात एक चमत्कारिक गोष्ट होती. जमिनीचा भाव कमी दिला, मोजणी चुकली, हिस्सा दुसऱ्याला गेला, यावर मालकाला भांडता येत होतं. पण ‘माझी जमीन घेऊच नका’ हे सांगायला कायद्यात जागाच नव्हती. कलकत्त्याच्या एझ्रा नावाच्या मालकाने हा प्रश्न 1902 मध्ये हायकोर्टात नेला, तो 1905 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि मालक हरला. मालकाचं म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं असं कायदा सांगत नाही, असा निकालाचा मथितार्थ.

म्हणून मुळशीच्या मावळ्यांना 1921 मध्ये अर्ज करण्याजोगं काही उरलं नव्हतं. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी धरण येत होतं आणि भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा तिथली. पांडुरंग महादेव बापट तिथेच सेनापती झाले. धरण झालंच. पण 1923 मध्ये भूसंपादन कायद्यात कलम 5अ घातलं गेलं. अधिसूचना निघाल्यापासून 30 दिवसांत मालकाने लेखी हरकत द्यायची, कलेक्टरने त्याला ऐकून घ्यायचं. झेरॉक्सच्या दुकानातल्या आपल्या एकपानी कागदाचा हा जन्म.

इथून पुढचा इतिहास मला वळणरस्त्यांचा वाटतो. हरकतीला कायद्यात थोडी जागा मिळाली की रस्त्याने तिला वळसा घातलाच.

राष्ट्रीय महामार्गांचा कायदा 1956 चा. 1997 मध्ये त्यात जमीन घेण्याची स्वतंत्र पद्धत घातली गेली आणि हरकतीचे 30 दिवस 21 झाले. हरकतही कशावर, तर जमिनीच्या ‘वापरावर’. 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्याने वारं फिरेल असं वाटलं. त्यात हरकतीला 60 दिवस आहेत, आणि त्याआधी सामाजिक परिणामांचं मूल्यमापन, त्यावर गावात जाहीर सुनावणी. पण त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत राष्ट्रीय महामार्गाचा कायदा आहे. भाव 2013 च्या हिशेबाने मिळेल, बाकीची पद्धत लागू नाही. उरला राज्याचा महामार्ग. महाराष्ट्राने 2018 मध्ये 2013 च्या कायद्याला आपली पाचवी अनुसूची जोडली आणि 1955 चा महामार्ग अधिनियम तीत बसवला. शक्तिपीठाची जमीन घ्यायला काढला तो हाच अधिनियम. तो मुंबई विधिमंडळाने केला तेव्हा हट्टा मुंबई राज्यात नव्हतंही. मराठवाडा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला 1 नोव्हेंबर 1956 ला. साठ दिवसांचा कायदा पुस्तकात आहे, रस्ता त्याच्या शेजारून जातो.

हरकतीचं दुसरं घराणं पर्यावरणाचं. ते लांबून आलं. अमेरिकेत 1 जानेवारी 1970 ला झालेल्या कायद्याने सरकारवर बंधन घातलं: मोठं काम करण्याआधी त्याचे पर्यावरणावरचे परिणाम लिहून काढा आणि लोकांपुढे ठेवा. आपल्याकडे 1986 च्या पर्यावरण कायद्याखाली 27 जानेवारी 1994 ला तशी अधिसूचना निघाली, आणि जनसुनावणी सक्तीची झाली 10 एप्रिल 1997 ला. सध्या चालते ती 14 सप्टेंबर 2006 ची अधिसूचना. या घराण्याने एक मोठी गोष्ट केली. 5अ ची हरकत फक्त जमिनीत हितसंबंध असलेल्याची होती. जनसुनावणीत बटाईदार बोलू शकतो, शेतमजूर बाई बोलू शकते, ज्याचा ओढा बुजणार तो शेजारच्या गावचा माणूसही बोलू शकतो. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी बसलेला असतो, प्रदूषण नियंत्रण मंडळ सगळं चित्रित करतं, बोललेलं इतिवृत्तात यावं लागतं.

इथेही वळणरस्ते निघाले. ज्या रुंदीकरणाला नवी जमीन लागत नाही त्याला जनसुनावणीच नाही. त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या रस्त्यांकडेचे वड, लिंब, चिंचा गेल्या त्या कोणाला न विचारता. जागा रस्त्याचीच होती ना! परभणी-वसमत रस्त्याने उन्हाळ्यात जाणाऱ्याला याचा पुरावा डोक्यावरच मिळतो.

मुरमाची गोष्ट तर सांगायलाच हवी. महामार्गाचा भराव मुरूम-मातीचा, आणि तो कुठलातरी माळ, टेकाड पोखरूनच येतो. 28 मार्च 2020 ला, टाळेबंदी लागून चार दिवस झालेले असताना, केंद्राने अधिसूचना काढून रस्त्यांसारख्या लांबलचक कामांसाठी साधी माती उचलायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली. माती किती, कुठली, कशी उचलायची, काही मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ही सूट 21 मार्च 2024 ला रद्द केली आणि टाळेबंदीत एवढी घाई कशासाठी केली, हेही विचारलं. मधल्या चार वर्षांत उचललेला मुरूम काही परत येत नाही.

त्याच 2020 मध्ये 2006 ची अधिसूचना बदलण्याचा मसुदा आला. सुनावणीच्या नोटिशीचे 30 दिवस त्यात 20 करायचे होते. मसुदा इंग्रजी आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जूनला सांगितलं, आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत भाषांतर करा. मराठी त्यात आलीच. ज्या भाषेत हरकत घ्यायची त्या भाषेत आधी प्रस्ताव असावा, यासाठीसुद्धा कोर्टात जावं लागतं.

आता शक्तिपीठ. जून 2025 च्या आखणीनुसार वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत 802 किलोमीटर, बारा जिल्हे, त्यांत हिंगोली. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही देवीची ठाणी आणि औंढा नागनाथ, परळी वैजनाथ ही ज्योतिर्लिंगं जोडणारा रस्ता, असं त्याचं वर्णन. 24 जून 2025 ला मंत्रिमंडळाने भूसंपादन आणि आखणीसाठी 20,787 कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली; जमीन लागणार सुमारे 7,500 हेक्टर. पुढच्याच आठवड्यात, 1 जुलैच्या कृषिदिनी, ठिकठिकाणी शेतकरी रस्त्यावर उतरले. विरोध करणाऱ्यांचा साधा प्रश्न आहे: नागपूरहून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर करत तुळजापूरकडे जाणारा चौपदरी राष्ट्रीय महामार्ग झालेला असताना त्याला जवळपास समांतर आणखी एक कशाला? या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. औंढ्याला दर्शनाला येणाऱ्याला आज रस्ता नाही, असं औंढ्यात कोणी म्हणत नाही.

कोल्हापूरकरांची भीती पुराची, भरावाने पंचगंगेचं पाणी तुंबेल ही. तिथला विरोध इतका जोरकस होता की 2024 च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर त्या जिल्ह्यापुरती अधिसूचना मागे घेतली गेली. वसमतची भीती तशीच, पण ती बातम्यांत कमी येते. कारण इथे पूर दिसत नाही, चिबड दिसतं, म्हणजे पाणी साचून नासलेलं रान. काळी खोल जमीन. येलदरी, सिद्धेश्वर धरणं झाली, पूर्णा प्रकल्पाचे कालवे आले, हट्टा शाखा कालव्याला पाणी सुटायला लागलं आणि ज्वारी-कापसाचं रान ऊस, केळी, हळदीचं झालं. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि हळदीला पाणी लागतं, पण साचलेलं पाणी चालत नाही. दोन-तीन दिवस सरीत पाणी उभं राहिलं की कंद सडायला लागतो, पानं पिवळी पडतात, मग उपटून बघायचीही गरज राहत नाही.

अशा रानातून उंच भराव आडवा गेला तर काय होईल? कालव्यापासून शेवटच्या वावरापर्यंत पाणी नेते ती चारी. ती एका ठिकाणी तुटली की पुढची सगळी शेतं कोरडी. आणि पावसाळ्यात वरच्या बाजूचं पाणी भरावाला अडून उभं. एकाच भरावाच्या एका अंगाला चिबड, दुसऱ्या अंगाला टंचाई. नळकांड्या टाकतो असं सांगतात. नळकांडी कुठे पडते ते नकाशावर ठरतं. पाणी कुठून वाहतं ते त्या वावरात चाळीस पावसाळे काढलेल्यालाच ठाऊक असतं. छापील हरकतीच्या रिकाम्या जागेत हीच माहिती भरायला हवी, आणि नेमकी तीच भरली जात नाही. ‘आमचा विरोध आहे’ एवढं लिहून लोक थांबतात. ग्रामसभेचे ठरावही तसेच. हा भाग अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे ठरावाला नैतिक वजन असतं, कायद्याचं नाही.

मोबदल्याचं म्हणाल तर समृद्धी महामार्गाने भाव दाखवलेला आहे, आणि तो पाहून ‘येऊ दे रस्ता’ म्हणणारेही गावात आहेत. त्यांना गद्दार म्हणणं मला पटत नाही. ज्याच्या हळदीचा भाव एका हंगामात निम्म्यावर येतो, त्याला एकरकमी पैसा दिसला तर तो बघणारच. पण त्याची संमती आणि शेजाऱ्याची चारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबदला गटाला मिळतो. चारी पाच-पन्नास गटांची असते, आणि तिचं कुठल्याच निवाड्यात नाव येत नाही.

एक शेवटचं, तेही कामाचं. हरकत देणार असाल तर दोन प्रती करा. गट नंबराखाली आपली चारी, ओढा, विहीर, पावसाचं पाणी कुठून कुठे जातं ते चार ओळींत हाताने लिहा, जमल्यास हातानेच नकाशा काढा. आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, आवक क्रमांक, शिक्का आणि सही घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका. ‘साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा’ म्हणाले, तर बसून राहा.