दंड आणि अंगण

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सर्वांना एका शाळेत बसविले. पण कुरुंदवाडात सत्ता पटवर्धनांची. महाराजांचा हुकूम येथे चालत नव्हता. १९४८ साली कुरुंदवाड मुंबई प्रांतात विलीन झाले.

महाराजांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही एक प्रश्न उरतोच: ज्या घरात रुपयाच नाही, त्या घराशी शिक्षकाने कसे वागावे?

त्याचे उत्तर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला शोधले गेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तेथे बालवाडीचे काम सुरू केले. वाड्यातली मुले येईनात, तेव्हा शाळाच वाड्याच्या अंगणात नेली. (त्या वेळी 'हरिजनवाडा' म्हणत, तो शब्द आम्ही केव्हाच टाकून दिला.) अंगणवाडीची कल्पना तेथली. पुढे कोसबाडला, धाकट्या भावंडाला सांभाळणारी पोर शिकावी म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. आईबापांच्या अनास्थेवर प्रवचने न झोडता त्यांच्या मजुरीचा दिवस ओळखला. माझ्या मते हे माँटेसरीच्या साऱ्या साधनांहून मोठे काम आहे.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. शासनाने अंगण घेतले, पण अंगणातल्या बाईला नाव दिले 'सेविका' आणि पगाराऐवजी मानधन. सेवा कोणी करायची, हे या देशात आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे! तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो २०२२ मध्ये. जिच्या स्वतःच्या घरी महिनाअखेर डबे रिकामे, तिच्याकडेच आपण करुणा मागतो.

आणि तरी ती लागतेच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुका बुडाला. पिकाच्या भरपाईला सातबारा लागतो. बुडालेल्या मजुरीचा उतारा कोणत्या तलाठ्याकडे मिळणार? अशा घरातले मूल चार दिवस दिसले नाही, तर बाईंनी दाराशी जावे. वजन घटले म्हणून चौघींदेखत आईला दटावू नये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाचा अंगणवाडीतला आहार हा हक्क ठरविला आहे. तो देताना हात वर ठेवू नये, आणि घेणाऱ्या आईलाही हे सांगावे की हे तुझ्या लेकराचेच आहे.