यूएसबी ध्वनिसाधने व प्रचालन प्रणाली

युनिव्हर्सल सिरियल बस, संक्षेपाने यूएसबी, या जोडमार्गाने संगणकाला जोडले जाणारे मायक्रोफोन, हेडफोन, लाउडस्पीकर व ध्वनिमुद्रण उपकरणे यांना यूएसबी ध्वनिसाधने म्हणतात. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमला म्हणजेच प्रचालन प्रणालीला अशा साधनांशी व्यवहार करता यावा म्हणून तिच्यात जो कार्यक्रम अंतर्भूत असतो, त्यास ड्रायव्हर असे म्हणतात.

पूर्वस्थिती : १९९० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात ध्वनीसाठी संगणकात स्वतंत्र साउंड कार्ड बसवावे लागे. कार्डांच्या रचना भिन्न असल्याने त्यांचे ड्रायव्हरही भिन्न असत. उत्पादकाने नव्या प्रणालीसाठी ड्रायव्हर पुरविला नाही, तर सुस्थितीतील कार्डही निरुपयोगी ठरे. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक आणि मार्च १९९८ मध्ये ध्वनिसाधनांच्या वर्गाचे मानक प्रसिद्ध झाले. मानक पाळणाऱ्या सर्व साधनांना एकच ड्रायव्हर पुरेसा व्हावा, हे या वर्गमानकाचे मुख्य सूत्र होय. विंडोज ९८ या प्रणालीत असा ड्रायव्हर समाविष्ट होता.

कार्यपद्धती : साधन जोडताच ते आपले वर्णन संगणकास सादर करते. त्यात ध्वनीचे मार्ग, नमुन्यांची लांबी, सेकंदास किती नमुने व आवाजाचे नियंत्रण कोठे, ही माहिती असते. तीवरून ड्रायव्हर साधनाची रचना जाणून घेतो. पुढे ध्वनी आयसोक्रोनस, म्हणजे ठराविक कालांतराने होणाऱ्या, प्रेषणाने पाठविला जातो. त्यात चुकलेली माहिती पुन्हा पाठविली जात नाही. कारण उशिरा आलेला ध्वनी व्यर्थ असतो. मूळ पद्धतीत दर सहस्रांश सेकंदास एक गठ्ठा जातो. सीडीच्या ध्वनीत सेकंदास ४४,१०० नमुने असल्याने ड्रायव्हर नऊ गठ्ठ्यांत प्रत्येकी ४४ व दहाव्यात ४५ नमुने घालतो.

संगणक व साधन यांची घड्याळे वेगळ्या स्फटिकांवर चालत असल्यास मोठी अडचण उद्भवते. त्यांच्या गतीत लाखात एक एवढाच फरक असला, तरी सेकंदास ४८,००० नमुन्यांच्या ध्वनीत तासाभरात १,७२८ नमुन्यांची तफावत पडते आणि ध्वनी खंडित होतो. म्हणून असिंक्रोनस प्रकारात साधन आपली खरी गती ड्रायव्हरला वेळोवेळी कळविते व ड्रायव्हर त्यानुसार गठ्ठ्यांतील नमुने कमीजास्त करतो.

लिनक्समधील विकास : लिनक्स प्रणालीतील आरंभीचा यूएसबी ध्वनी ड्रायव्हर ॲलन कॉक्स व टॉमस सायलर यांनी १९९९ च्या सुमारास लिहिला. त्याच्या आधारे ताकाशी इवाई यांनी २००२ मध्ये आल्सा या नव्या ध्वनिव्यवस्थेसाठी ड्रायव्हर रचला. अनुभवांती असे दिसून आले, की अनेक साधने मानकाचे पालन केल्याचा दावा करतात. पण त्यांचे वर्णन सदोष असते. अशा साधनांसाठी ड्रायव्हरमध्ये अपवादांची एक यादी ठेवावी लागली व ती सतत वाढत गेली.

दुसरे मानक : पहिल्या यूएसबीच्या वेगात एका मार्गाने सहस्रांश सेकंदास १,०२३ बाइटच जाऊ शकतात. त्यामुळे आठ वाहिन्यांचा २४ बिटांचा, सेकंदास ४८,००० नमुन्यांचा ध्वनी त्यात मावत नाही. त्यास १,१५२ बाइट लागतात. यूएसबी २·० च्या ४८० मेगाबिट वेगाचा लाभ घेणारे दुसरे ध्वनिमानक मे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. डॅनिएल मॅक यांच्या कार्यामुळे २०१० मध्ये ते लिनक्सच्या २·६·३५ या आवृत्तीत आले. विंडोजमध्ये मात्र त्याचा अंतर्भूत ड्रायव्हर २०१७ मध्ये, विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीत, आला. मधल्या अकरा वर्षांत विंडोज वापरणाऱ्यांना अशा साधनांसाठी पुन्हा उत्पादकांच्याच ड्रायव्हरांवर विसंबावे लागले आणि जुनीच परवशता परत आली. मानक प्रसिद्ध होणे पुरेसे नसते. प्रचालन प्रणालीने ते स्वीकारल्यावरच साधनाचे आयुष्य उत्पादकाच्या मर्जीपासून मुक्त होते, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.