प्लाझ्मा दूरचित्रवाणी

प्लाझ्मा दूरचित्रवाणी संच म्हणजे वायूतील विद्युत् विसर्जनातून निर्माण होणाऱ्या प्रकाशावर चालणारा, सपाट पडद्याचा दूरचित्रवाणी संच होय. १९९७ च्या सुमारास तो बाजारात आला आणि २०१४ अखेरीस प्रमुख कंपन्यांनी त्याचे उत्पादन थांबवले. उत्पादन बंद होऊनही चित्राच्या दर्जाची चर्चा निघाली की तुलनेसाठी त्याचे नाव अद्याप घेतले जाते. प्लाझ्मासारखे चित्र पुन्हा झाले नाही, असे त्याचे चाहते मानतात. समकालीन एलसीडी संचांच्या बाबतीत हे मत बऱ्याच अंशी खरे आहे. ओएलईडी संचांच्या बाबतीत मात्र ते हालचालीच्या स्पष्टतेपुरतेच ग्राह्य धरता येते.

उगम

या पडद्याचा जन्म करमणुकीसाठी नव्हे, तर शिक्षणासाठी झाला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकाद्वारे शिकवण्याची प्रणाली विकसित केली जात होती. विद्यार्थ्यासमोर मजकूर व आकृत्या दाखवताना चित्र सतत नव्याने उमटवावे लागणार नाही असा पडदा तिला हवा होता, कारण चित्र साठवणारी संगणकीय स्मृती त्या काळी फार महाग होती. डोनाल्ड बिट्झर, एच. जीन स्लॉटो आणि विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्ये तयार केलेल्या पडद्यात एकदा पेटवलेला कप्पा विझवेपर्यंत पेटलेलाच राहत असे. हे आरंभीचे पडदे निऑनच्या नारिंगी प्रकाशाचे, एकरंगी होते. रंगीत चित्रापर्यंत पोहोचण्यास पुढे जवळजवळ तीन दशके लागली. जपानमधील फुजित्सु कंपनीने १९९२ मध्ये २१ इंची रंगीत पडदा आणि त्यानंतर ४२ इंची पडदा सादर केला.

रचना व कार्य

दोन काचांच्या मध्ये लक्षावधी सूक्ष्म कप्पे असून त्यांत निऑन व झेनॉन या वायूंचे मिश्रण कमी दाबाखाली भरलेले असते. विद्युत् दाब देताच वायूचे आयनीभवन होऊन प्लाझ्मा तयार होतो व झेनॉनमधून अतिनील किरण बाहेर पडतात. हे किरण कप्प्याच्या आतील फॉस्फरच्या लेपावर आदळले की लाल, हिरवा किंवा निळा दृश्य प्रकाश मिळतो. घरातील ट्यूबलाइटचे तत्त्व हेच आहे; तेथे झेनॉनच्या जागी पाऱ्याची वाफ असते. असे तीन रंगांचे तीन कप्पे मिळून एक चित्रबिंदू, म्हणजेच पिक्सेल, बनतो.

कप्पा एक तर पेटतो किंवा विझलेला राहतो. मंद पेटणे त्याला माहीत नाही. मग करड्या रंगाच्या छटा कशा दाखवायच्या? यासाठी प्रत्येक चित्राच्या अवधीचे अनेक उपविभाग पाडले जातात. सर्वांत सोप्या योजनेत आठ उपविभाग असून त्यांतील स्पंदांचे प्रमाण १, २, ४, ८ असे दुप्पट होत १२८ पर्यंत जाते. कोणते उपविभाग पेटवायचे हे ठरवून ० ते २५५ अशा २५६ पातळ्या मिळतात आणि डोळा त्यांची बेरीज करून एकच छटा पाहतो.

प्लाझ्माचे गुण आणि दोष या एकाच युक्तीतून आलेले आहेत. १२७ या पातळीसाठी पहिले सात उपविभाग पेटतात, तर १२८ साठी ते सर्व विझून केवळ आठवा पेटतो. छटेतील फरक नगण्य, पण प्रकाशाची वेळ मात्र पूर्णपणे बदललेली. पडद्यावर चेहरा सरकत असेल आणि नजर त्याच्यामागे जात असेल, तर ही बेरीज चुकते व गालावर नसलेल्या रेषा उमटतात. त्यांना आभासी समोच्च रेषा म्हणता येईल. नंतरच्या संचांत उपविभागांची संख्या वाढवून व त्यांचे प्रमाण बदलून हा दोष पुष्कळ कमी करण्यात आला. अंधाऱ्या दृश्यांतील दोष मात्र टिकून राहिला. तेथे सर्वांत लहान पायरीही डोळ्यांना मोठी वाटत असल्याने शेजारचे कप्पे आळीपाळीने पेटवून मधल्या छटांचा भास निर्माण केला जातो. जवळून पाहिल्यास सावल्यांमध्ये बारीक वळवळ दिसते.

काळ्या रंगाची खोली

चित्राचा दर्जा ठरवताना जाणकार प्रथम काळा रंग पाहतात, कारण काळे करडे दिसू लागले की इतर सर्व रंगही फिके पडतात. एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. त्यामागे दिवा असतो व द्रवस्फटिक तो प्रकाश अडवतात. पण तो पूर्णपणे अडत नाही. आयपीएस प्रकारच्या पडद्यात उजळ व काळ्याचे गुणोत्तर सुमारे १,००० : १ असते, व्हीए प्रकारात ते काही हजारांपर्यंत जाते. एलईडी टीव्ही या नावाने विकले गेलेले संचही बहुतांशी एलसीडीच होत. फक्त मागील दिव्यांची जात बदलली. ते नाव दिशाभूल करणारे ठरले, असेच म्हणावे लागते.

प्लाझ्मात प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे विझत असल्याने काळा रंग खूपच गडद मिळे. पायोनियर कंपनीने २००७ मध्ये आणलेल्या मालिकेचे ‘कुरो’ हे नावही जपानी भाषेतील ‘काळा’ या अर्थाचे आहे. तरीही प्लाझ्माचे काळे निखळ नव्हते. कप्पा चटकन पेटावा म्हणून त्याला आधीच किंचित विद्युत् भारित ठेवावे लागते आणि त्यातून अत्यंत मंद उजेड सतत येत राहतो. ओएलईडीमध्ये ही अडचण नाही. तेथे सेंद्रिय द्रव्याचा बिंदू विद्युत् प्रवाह थांबताच पूर्ण विझतो. त्यामुळे काळ्या रंगाच्या बाबतीत ओएलईडी निःसंशय पुढे आहे.

मिनी-एलईडी संचांत एलसीडीमागील दिव्यांचे शेकडो ते हजारो विभाग करून अंधाऱ्या भागातील दिवे मंद केले जातात. परंतु ३,८४० × २,१६० चित्रबिंदूंच्या पडद्यावर सुमारे ८३ लाख बिंदू असतात; त्यामुळे एका विभागात हजारो बिंदू येतात आणि काळ्या आकाशातील चंद्राभोवती किंवा पांढऱ्या उपशीर्षकांभोवती उजेडाचे वलय दिसते. या एका बाबतीत जुना प्लाझ्मा आजही सरस ठरू शकतो.

हालचालीची स्पष्टता

प्लाझ्माच्या चाहत्यांचे म्हणणे येथे सर्वाधिक टिकते. एलसीडी व ओएलईडी या दोन्ही पडद्यांवर एक चित्र पुढचे येईपर्यंत स्थिर धरून ठेवले जाते. सेकंदाला ५० चित्रे दाखवली जात असतील आणि एखादी वस्तू सेकंदाला १,००० बिंदू सरकत असेल, तर नजर तिच्यामागे अखंड फिरते, पण चित्र १/५० सेकंद जागीच थांबते. परिणामी डोळ्याच्या पटलावर वस्तूची कड सुमारे २० बिंदूंइतकी फिसकटते. ओएलईडीचा बिंदू एक मिलिसेकंदाहून कमी वेळात बदलतो, तरी हा दोष जात नाही. कारण तो बदलण्याच्या वेगाचा नसून धरून ठेवण्याचा आहे. जाहिरातींत केवळ प्रतिसादकाळ सांगितला जातो, त्यामुळे हा भेद ग्राहकाच्या लक्षात येत नाही.

प्लाझ्माचा प्रकाश स्पंदांच्या रूपात येत असल्याने क्रिकेटचा चेंडू किंवा मालगाडीवरील अक्षरे अधिक रेखीव दिसत. हिरवा व लाल फॉस्फर निळ्याच्या मानाने सावकाश विझत असल्याने उजळ कडांमागे पिवळसर शेपूट मात्र राहत असे. नव्या संचांत दोन चित्रांमध्ये काळा अवकाश घालण्याची सोय असते, पण तिने तेजस्विता घटते. मधली चित्रे गणिताने तयार करण्याचा दुसरा उपाय योजला, की चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो. मुळातच सेकंदाला १२० चित्रे देणारा स्रोत असल्यास धूसरपणा खरोखर कमी होतो. परंतु असे स्रोत संगणकीय खेळांबाहेर विरळाच आढळतात.

तेजस्विता, रंग व सूक्ष्मता

या तिन्ही बाबतींत प्लाझ्मा मागे पडला आहे. संपूर्ण पडदा उजळ झाला की विद्युत् भार मर्यादेत ठेवण्यासाठी संच आपोआप मंद होई. बर्फाचे दृश्य त्यामुळे निस्तेज दिसे. ओएलईडीतही अशी मर्यादा आहे, पण ती बरीच वरची. आजचे एचडीआर चित्रण १,००० निट किंवा अधिक तेज गृहीत धरून तयार केले जाते. प्लाझ्माच्या काळातील चित्रणाचे प्रमाण सुमारे १०० निट होते. प्लाझ्माचे रंग एचडी प्रमाणकास पुरेसे होते, तर पुंजबिंदू वापरणारे नवे पडदे त्यापेक्षा विस्तृत रंगपट्टा दाखवतात. पुंजबिंदूंच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

सूक्ष्मतेचे महत्त्व अंतरावर अवलंबून असते. घरगुती प्लाझ्मा १,९२० × १,०८० बिंदूंपर्यंत पोहोचला. ५० इंची पडद्यावर असा एक बिंदू सुमारे ०.५८ मिलिमीटरचा असतो आणि २ मीटरपलीकडून सामान्य दृष्टीला तो वेगळा दिसत नाही. म्हणजे त्या अंतरावर त्याच आकाराच्या ४के पडद्याचा या बाबतीतील लाभ नाममात्र राहतो. बाजूने पाहिल्यास रंग न बदलण्याचा गुण प्लाझ्मात उत्तम होता; व्हीए प्रकारच्या एलसीडीत तो आजही कमी आढळतो.

ऱ्हास

प्लाझ्मा चित्राच्या दर्जामुळे बाद झाला नाही. दुकानातील झगझगीत दिव्यांखाली त्याचा काळा रंग करडा दिसे, कारण फॉस्फर बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो. शेजारचा एलसीडी तेथे अधिक उठून दिसे. शिवाय तो जड होता, तापत असे, वीज अधिक घेई आणि लहान आकारांत किंवा ४के सूक्ष्मतेत स्वस्तात तयार होत नसे. पायोनियरने २००९ मध्ये या व्यवसायातून माघार जाहीर केली. पॅनासॉनिकने २०१३ अखेरीस, तर सॅमसंग व एलजी यांनी २०१४ मध्ये उत्पादन थांबवले.

जुन्या संचाशी तुलना

आज एखादा चालू प्लाझ्मा संच नव्या पडद्याशेजारी ठेवून केलेली तुलना सावधपणे घ्यावी लागते. फॉस्फर वापराने क्षीण होतो. अखेरच्या काळात काही उत्पादक तेज निम्मे होण्यास १ लाख तास लागतील असे सांगत, आरंभीच्या संचांचे आयुष्य त्याहून बरेच कमी होते. काही मॉडेलांत तर वापराबरोबर विद्युत् दाब वाढवण्याची योजना असल्याने काळा रंगच उजळत गेला. वाहिनीच्या स्थिर बोधचिन्हाचे डागही शोधावे लागतात. हा दोष ओएलईडीलाही जडतो, एलसीडीला सहसा नाही. परीक्षण अंधाऱ्या खोलीत, दोन्ही संचांवर एचडीआर नसलेले एकच चित्रण लावून आणि दुकानातील भडक मांडणी बंद करूनच करणे योग्य ठरते. पडदा निकामी झाल्यास नवा पॅनल मिळत नाही. दुरुस्ती वीजपुरवठ्याच्या व नियंत्रणाच्या पट्ट्यांपुरती, तीही दुसऱ्या बंद संचातून भाग काढून, होऊ शकते. अनेक जुन्या पॅनलांच्या काचेत शिसे असल्याने असा संच भंगारात न देता ई-कचरा संकलन केंद्राकडे सोपवावा लागतो.