जुना कर्नल राहू द्या

सर्व्हरवरचं कोणतंही साधं पॅकेज अपडेट केलं की जुनी आवृत्ती जाते आणि तिच्या जागी नवी येते. लिनक्सच्या कर्नलचं तसं नाही. नवा कर्नल जुन्याच्या शेजारी येऊन बसतो आणि मशीन सुरू करताना कोणता घ्यायचा ते बूटलोडरच्या यादीतून ठरवता येतं. हा रिवाज धास्तीतून पडला, आणि धास्तीला कारणं होती.

नव्वदच्या दशकात बरेच जण कर्नल स्वतःच कंपाइल करत. त्याला कोणती साधनं किमान किती नवी लागतात, हे सोर्ससोबतच्या ‘चेंजेस’ नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असे. अशा फाइली वाचतो कोण? डिसेंबर २००३ मध्ये कर्नल २.६ आला तेव्हा न वाचणारे अडकले. मॉड्यूल चढवण्याची पद्धतच बदलली होती. जुनी ‘मॉडयुटिल्स’ चालेनात, रस्टी रसेल यांची ‘मॉड्यूल-इनिट-टूल्स’ हवी होती. ती न टाकता रीबूट केलं की नेटवर्क कार्डाचं मॉड्यूलही चढायचं नाही. मग राहिलेलं पॅकेज उतरवणार कसं? अशा वेळी जुन्या कर्नलवर परतणं एवढाच मार्ग उरे.

अशी राहिलेली पॅकेजं दाखवायला रेड हॅटचं आरपीएम १९९५ पासून होतं, पण ते काय कमी आहे एवढंच सांगे. आणून द्यायचं काम ज्याचं त्याने करायचं. डेबियनने मार्च १९९९ मध्ये २.१ बरोबर एपीटी देऊन ती वणवण संपवली. आरपीएमवाल्यांसाठी पुढे ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सेथ विडाल आणि मायकेल स्टेनर यांनी, यलो डॉग लिनक्सच्या ‘यप’वरून, ‘यम’ घडवलं. यमने कर्नलला ‘अपडेट नको, नवा टाका’ अशा पॅकेजांत बसवलं. फेडोरात एरवी तीन कर्नल ठेवले जातात, आणि चालू असलेल्याला हात लागत नाही.

एक दुखणं मात्र उरलं. कर्नलच्या आतले इंटरफेस कायम ठेवायचे नाहीत, हे त्याच्या विकासकांचं जाणूनबुजून ठरवलेलं धोरण. त्यामुळे बाहेरून आलेला ड्रायव्हर दर नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करावा लागतो. डेल कंपनीच्या डीकेएमएसने हे काम आपोआप केलं. फक्त त्याच आवृत्तीचं हेडर पॅकेज हवं. ते राहिलं की कर्नल नवा, ड्रायव्हर गायब.

शिवाय जपून ठेवलेल्या कर्नलांनाही जागा लागते. ‘/बूट’चं विभाजन छोटं असलं की ते भरतं, नव्या कर्नलला सुरू होताना लागणारा इनिटरॅमएफएस तयार होत नाही आणि एपीटी अर्ध्यावर थांबतं. तेव्हा सर्वांत जुना कर्नल हातानेच काढावा लागतो. त्याआधी ‘युनेम -आर’ देऊन चालू कोणता ते बघितलेलं बरं.